पीडक-नियंत्रण परवाना व प्रशिक्षण

पिके, साठविलेले धान्य, इमारती व मानवी वस्ती यांना उपद्रव देणारे कीटक, उंदीर, घुशी इ. प्राण्यांचा विषारी रसायनांच्या साहाय्याने व मोबदला घेऊन बंदोबस्त करण्यास शासनाने दिलेली लेखी अनुमती म्हणजे पीडक-नियंत्रण परवाना होय. या व्यवसायास व्यवहारात ‘पेस्ट कंट्रोल’ हेच नाव रूढ आहे. परवाना ठराविक मुदतीचा असतो व मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. परवाना देताना शासन अर्जदाराचे शिक्षण व प्रशिक्षण पाहते. परंतु विषारी रसायनांची यादी, त्यांचे प्रमाण आणि ती वापरण्याच्या पद्धती सतत बदलत असल्यामुळे एकदा घेतलेले प्रशिक्षण फार काळ पुरत नाही. म्हणून परवान्याचे नूतनीकरण व धारकाचे पुनःप्रशिक्षण यांची सांगड हा या विषयाचा गाभा मानला जातो.

पूर्वपीठिका : दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी, बीएचसी व त्यामागोमाग कार्बनी फॉस्फरसयुक्त कीटकनाशके भारतात मोठ्या प्रमाणावर येऊ लागली. त्यांची वाहतूक, साठवण व विक्री यांवर पुरेसे नियंत्रण नव्हते. १९५८ मध्ये केरळ व मद्रास राज्यांत पॅराथिऑन या तीव्र विषाचा संसर्ग झालेले अन्न खाण्यात येऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. खाद्यपदार्थ व कीटकनाशक यांची जहाजातून एकत्र वाहतूक झाल्यामुळे हा संसर्ग घडला होता. या दुर्घटनेच्या चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे त्या वेळचे न्यायाधीश न्या. जे. सी. शाह यांचा एकसदस्य आयोग नेमण्यात आला. पुढे तज्ज्ञ समितीच्या विचारविनिमयानंतर संसदेने कीटकनाशके अधिनियम, १९६८ संमत केला. त्यावर आधारित कीटकनाशके नियम १९७१ मध्ये करण्यात आले व त्याच वर्षी या कायद्याचा अंमल देशभर सुरू झाला. कायद्याच्या नावात केवळ ‘कीटकनाशके’ असा शब्द असला, तरी त्याच्या अनुसूचीत कवकनाशके, तणनाशके व कृंतकनाशके यांचाही समावेश होतो.

या कायद्यान्वये दोन प्रकारचे नियंत्रण ठेवले जाते. पहिले रसायनावरचे होय. कोणतेही कीटकनाशक बाजारात येण्यापूर्वी केंद्रीय नोंदणी समितीकडे त्याची नोंदणी व्हावी लागते. त्याची परिणामकारकता आणि माणसे व जनावरे यांच्या दृष्टीने सुरक्षितता पाहून ही समिती नोंदणी करते व ते कोणत्या पिकावर, कोणत्या पीडकावर आणि किती मात्रेत वापरावयाचे हे ठरवून देते. दुसरे नियंत्रण माणसावरचे. अधिनियमाच्या कलम १३ अन्वये कीटकनाशकांचे उत्पादन, विक्री, विक्रीसाठी साठवण वा वितरण करणाऱ्यास, तसेच कीटकनाशके वापरून व्यावसायिक तत्त्वावर पीडक-नियंत्रण करणाऱ्यास परवाना घ्यावा लागतो.

विषारीपणाची वर्गवारी : विषाची तीव्रता निरक्षर माणसासही कळावी, या हेतूने प्रत्येक डब्याच्या वा बाटलीच्या चिठ्ठीवर (लेबलवर) कोनावर उभा केलेला एक चौरस छापण्याचे बंधन आहे. चौरसाच्या खालच्या अर्ध्या भागातील रंग विषाची तीव्रता दर्शवितो. प्रयोगातील निम्मे प्राणी मरण्यासाठी शरीरभाराच्या दर किग्रॅ.ला तोंडावाटे किती मिग्रॅ. मात्रा लागते, त्यावरून ही वर्गवारी केली आहे. १ ते ५० मिग्रॅ. मात्रा पुरेशी होत असल्यास लाल (अतितीव्र), ५१ ते ५०० मिग्रॅ. लागल्यास पिवळा (तीव्र), ५०१ ते ५,००० मिग्रॅ. लागल्यास निळा (मध्यम) व त्याहून अधिक लागल्यास हिरवा (सौम्य) रंग असतो. लाल वर्गातील पदार्थांवर कवटी व हाडे यांचे चिन्हही असते. मात्र हिरवा रंग विषाचा अभाव दर्शवीत नाही. बंद जागेत, मोठ्या प्रमाणात वा उघड्या त्वचेवर दीर्घकाळ पडल्यास सौम्य वर्गातील पदार्थही अपाय करतात. ही खूण समजावून देणे हा प्रशिक्षणातील पहिला पाठ होय.

कायद्याच्या कक्षेतील व्यक्ती : परवान्याची पद्धत प्रत्यक्षात कोणाला लागू होते, हे एखाद्या गावाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर–अमरावती महामार्गावरील गाव असून तेथून आष्टी व आर्वीकडे रस्ते फुटतात. परिसर कापूस, तूर, सोयाबीन व संत्री यांचा. अशा गावी कीटकनाशकाशी तीन प्रकारच्या लोकांचा संबंध येतो. पहिला, आपल्या शेतात फवारणी करणारा शेतकरी व त्याचा मजूर. दुसरा, कृषी सेवा केंद्राचा चालक. आणि तिसरा, गोदामातील धान्याला धुरी देणारा किंवा घराला वाळवी-प्रतिबंधक औषध घालणारा व्यावसायिक.

यांपैकी पहिल्यास परवाना लागत नाही. अधिनियमाच्या कलम ३८ अन्वये स्वतःच्या घरगुती कामासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतःच्या लागवडीखालील जमिनीत कीटकनाशक वापरणाऱ्यास कायद्यातून सूट आहे. कोट्यवधी शेतकऱ्यांना परवान्याची सक्ती करणे अव्यवहार्य ठरले असते, हे उघड आहे. परंतु त्यामुळे विषाचा सर्वाधिक संपर्क ज्याला येतो, तोच प्रशिक्षणाच्या सक्तीबाहेर राहिला. त्याला मिळणारे ज्ञान बहुशः दुसऱ्याकडून, म्हणजे विक्रेत्याकडून येते. म्हणूनच विक्रेता व व्यावसायिक या दोन परवानाधारकांचे शिक्षण केवळ त्यांच्यापुरते राहत नाही. परवाना नसलेल्यांची सुरक्षितताही त्यावर अवलंबून असते.

परवाना मिळविण्याच्या अटी : व्यावसायिक पीडक-नियंत्रणाच्या परवान्यासाठी राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या परवाना अधिकाऱ्याकडे विहित नमुन्यात अर्ज करावा लागतो. नियमांनुसार अर्जदार किमान कृषी विषयाचा किंवा रसायनशास्त्रासह विज्ञानाचा पदवीधर असावा लागतो. शिवाय त्याने किमान १५ दिवसांचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. या प्रशिक्षणासाठी नियमांत म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रविज्ञान संशोधन संस्था, हापूड येथील भारतीय धान्य साठवण संस्था आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय वनस्पती संरक्षण प्रशिक्षण संस्था यांचा निर्देश करण्यात आला. यांतील हैदराबादची संस्था २००८ पासून राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था या नावाने ओळखली जाते. ज्या प्रत्येक जागेतून व्यवसाय करावयाचा, त्या जागेसाठी शुल्क भरावे लागते. परवाना व्यवसायाच्या जागी ठळकपणे लावण्याची अट असते.

धुरीच्या रसायनांसाठी अधिक कडक बंधने आहेत. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतील ओलाव्याशी संयोग पावून फॉस्फीन हा अत्यंत विषारी वायू सोडतात. हा वायू फटींतून शेजारच्या खोल्यांत शिरतो व त्याच्या विषबाधेवर खास उतारा उपलब्ध नाही. त्यामुळे राहत्या घरात या गोळ्या ठेवणे प्राणघातक ठरू शकते. मिथिल ब्रोमाइडही याच वर्गातील असून ओझोन थराच्या रक्षणासाठी झालेल्या माँट्रिऑल करारानंतर त्याचा वापर प्रामुख्याने आयात-निर्यातीच्या मालाला द्यावयाच्या धुरीपुरता मर्यादित झाला. अशी रसायने वापरू इच्छिणाऱ्या व्यावसायिकास केंद्र शासनाच्या वनस्पती संरक्षण सल्लागाराची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

नूतनीकरण : पीडक-नियंत्रणाच्या परवान्यासाठी नियमांत पाच वर्षांची मुदत ठरविण्यात आली. मुदत संपण्यापूर्वीच नूतनीकरणाचा अर्ज, शुल्क व आवश्यक कागदपत्रे सादर करणे हिताचे असते. मुदत उलटल्यानंतर काम चालू ठेवणे म्हणजे विनापरवाना व्यवसाय करणे होय व तो गुन्हा ठरतो. व्यवसायाची जागा, भागीदार वा तांत्रिक कर्मचारी बदलले असल्यास त्याची नोंद या वेळी करून घेणे इष्ट असते. साठ्याच्या व केलेल्या कामांच्या नोंदी नीट ठेवणाऱ्या व्यावसायिकास नूतनीकरणात सहसा अडचण येत नाही.

परवाना खोटी माहिती देऊन मिळविला असल्यास किंवा अटींचा भंग झाल्यास धारकास आपली बाजू मांडण्याची संधी देऊन परवाना निलंबित वा रद्द करता येतो. परवाना नाकारला वा रद्द केला गेल्यास संबंधितास ३० दिवसांच्या आत अपील करता येते. कीटकनाशक निरीक्षकास जागेत प्रवेश करून साठा तपासण्याचा व नमुने घेण्याचा अधिकार आहे.

येथे एक उणीव ध्यानात घेण्यासारखी आहे. पदवी व १५ दिवसांचे प्रशिक्षण ही अट परवाना प्रथम मिळविताना लागू होते. नूतनीकरणाच्या वेळी मुख्यतः कागदपत्रांची पूर्तता पाहिली जाते. मधल्या काळात धारकाने नवे काय आत्मसात केले, याची परीक्षा त्यात नसते. परिणामी वीस वर्षांपूर्वीच्या प्रमाणपत्रावर आजचे काम चालू राहणे शक्य होते.

ज्ञान जुने होण्याची कारणे : या क्षेत्रात वीस वर्षे हा फार मोठा काळ आहे. इमारतींतील वाळवीचे उदाहरण घेता येईल. पूर्वी पायाच्या मातीत आल्ड्रीन, क्लोरडेन व हेप्टाक्लोर ही क्लोरीनयुक्त रसायने घालीत. मातीत दीर्घकाळ न विघटणे हा त्यांचा गुण समजला जाई. तोच पुढे दोष ठरला व १९९० नंतरच्या दशकात भारतात त्यांच्यावर बंदी आली. त्यांच्या जागी लिंडेन व क्लोरपायरीफॉस यांचा वापर होऊ लागला. लिंडेनच्या वापरावर मार्च २०१३ पासून बंदी आली. वाळवी-प्रतिबंधक कामाविषयीचे भारतीय मानक (क्र. ६३१३) तीन भागांत असून २०१३ मध्ये ते सुधारण्यात आले. इमिडाक्लोप्रिड व बायफेनथ्रिन ही नंतरच्या काळातील रसायने आहेत. यांतील प्रत्येकाचे पाण्यातील प्रमाण वेगळे असल्याने एकाच्या सवयीने दुसरे वापरल्यास एक तर काम वाया जाते किंवा विष अधिक पडते.

इतर रसायनांचीही हीच स्थिती आहे. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये मागे घेण्यात आला व १९९७ मध्ये बीएचसीवर बंदी आली. मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानचे उत्पादन, विक्री व वापर यांना मनाई केली. ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने केंद्र शासनाने १८ पीडकनाशके बंद केली. त्यांतील फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस इ. सहा रसायनांवरील पूर्ण बंदी ३१ डिसेंबर २०२० पासून अंमलात आली. डायक्लोरव्हॉस हे झुरळे व डास यांच्या बंदोबस्तासाठी व्यावसायिकांच्या नित्य वापरात होते. २०२३ मध्ये मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्के द्रावण बंदीच्या यादीत आले. अशा प्रकारे ज्याने जुन्या अभ्यासक्रमावर प्रमाणपत्र मिळविले, त्याला शिकविलेल्या रसायनांपैकी अनेक रसायने आज बेकायदा आहेत. याखेरीज कीटकांमध्ये एकाच रसायनाच्या वारंवार वापरामुळे प्रतिकारशक्ती निर्माण होते. ढेकूण व झुरळे यांच्या बाबतीत हा अनुभव सर्वत्र येतो. मात्रा वाढविणे हा त्यावरील उपाय नसून रसायनाचा गट बदलणे, आमिषे व सापळे वापरणे, फटी बुजविणे आणि स्वच्छता राखणे हे उपाय आहेत. तेही शिकूनच कळतात.

कामगारांचे संरक्षण : परवाना मालकाच्या नावे असला, तरी पंप कामगाराच्या पाठीवर असतो. हे ओळखून १९७१ च्या नियमांत कामगारांसाठी स्वतंत्र तरतुदी केल्या आहेत. कीटकनाशके हाताळणाऱ्याची कामावर घेण्यापूर्वी व नंतर ठराविक काळाने वैद्यकीय तपासणी करणे बंधनकारक आहे. कार्बनी फॉस्फरसयुक्त व कार्बामेट गटांतील विषे कोलिनेस्टरेज या एंझाइमाचे कार्य रोखतात. म्हणून या रसायनांशी संबंध येणाऱ्यांच्या रक्तातील या एंझाइमाचे प्रमाण दरमहा तपासावे, असे नियमांत म्हटले आहे. लक्षणे दिसण्यापूर्वीच धोका ओळखता यावा, हा त्यामागील उद्देश होय. संरक्षक कपडे, हातमोजे, श्वसनाची साधने, प्रथमोपचार व उतारे यांविषयीच्या तरतुदीही नियमांत आहेत. नियम ४२ अन्वये उत्पादक, वितरक व व्यावसायिक यांनी आपल्या कामगारांना सुरक्षिततेचे प्रशिक्षण देण्याची व्यवस्था करावयाची असते. नियम ४४ अन्वये रिकामे डबे पुन्हा वापरात येणार नाहीत व यंत्रे धुतलेले पाणी जलाशयात जाणार नाही, अशी विल्हेवाट लावावी लागते. घरात पाणी वा धान्य ठेवण्यासाठी असे डबे वापरल्याने होणारे अपघात टाळण्यासाठी हा नियम महत्त्वाचा आहे.

यवतमाळ येथील घटना : प्रशिक्षणाच्या अभावी काय घडू शकते, हे वर्धा जिल्ह्यास लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये दिसून आले. त्या वर्षी जुलै ते नोव्हेंबर या काळात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर यांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण मृत्यू पावले. शासनाने विशेष तपासणी पथक नेमले. पुढे आलेल्या कारणांमध्ये अनेक बाबी होत्या. कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढल्याने फवारा चेहऱ्याच्या पातळीवर येत होता. दमट उष्म्यामुळे घामाने भिजलेल्या अंगावर विष चिकटत होते. अनेक रसायने एकत्र मिसळण्याची चाल होती. अधिक दाबाचे पंप वापरले जात होते व अंगावर संरक्षक साधने नव्हती. नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्य शासनाने अधिनियमाच्या कलम २७ खालील अधिकार वापरून विदर्भातील पाच जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन इ. पाच उत्पादनांच्या विक्रीस ६० दिवसांची तात्पुरती बंदी केली.

फवारणाऱ्यांपैकी बहुतेकांना कायद्याने परवान्याची आवश्यकता नव्हती. कोणती रसायने मिसळू नयेत, वाऱ्याच्या दिशेने तोंड करून फवारू नये, उपाशीपोटी काम करू नये, काम संपताच साबणाने आंघोळ करावी या गोष्टी त्यांना बाजारात माल देणाऱ्याने सांगावयाच्या होत्या. विक्रेत्याच्या शिक्षणाचा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला.

विक्रेत्यांचे शिक्षण : २०१५ मध्ये नियमांत दुरुस्ती करून विक्री परवान्यासाठी कृषी, जीवशास्त्र वा रसायनशास्त्र यांसारख्या विषयांतील पदवीची अट घालण्यात आली. पूर्वीपासून दुकान चालविणाऱ्यांना पात्रता मिळविण्यासाठी मुदत देण्यात आली व ती पुढे वाढविण्यात आली. त्यांच्यासाठी कीटकनाशक व्यवस्थापनाचा १२ आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही मान्य करण्यात आला. तत्पूर्वी, २००३ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेने (मॅनेज) निविष्ठा विक्रेत्यांसाठी एक वर्षाची पदविका सुरू केली होती. दुकान बंद न ठेवता शिकता यावे म्हणून तिचे वर्ग आठवड्यातून एकदा, रविवारी वा बाजाराच्या सुटीच्या दिवशी भरतात. ४८ आठवड्यांच्या या अभ्यासक्रमात ४० वर्ग व ८ शिवारभेटी असतात. काम करणाऱ्या माणसाला पुन्हा शिकविण्याची ही रीत पीडक-नियंत्रण व्यावसायिकांसाठीही अनुकरणीय आहे. शेतकऱ्यांसाठी कृषी विभागाच्या शेतीशाळा व कृषी विज्ञान केंद्रे हे काम करतात. वर्धा जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र सेलसुरा येथे आहे.

अन्य देशांतील पद्धती : अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने विशेष धोकादायक पीडकनाशके केवळ प्रमाणित व्यक्तींनी वा त्यांच्या देखरेखीखाली वापरावीत, असे ठरले. तेथे प्रमाणपत्र व्यक्तीच्या नावे असते. मुदत संपताना पुन्हा परीक्षा देऊन किंवा मधल्या काळात ठराविक तासांचे शिक्षण घेऊन ते चालू ठेवता येते. २०१७ च्या सुधारित नियमांनुसार ही मुदत पाच वर्षांहून अधिक असू शकत नाही. यूरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशान्वये व्यावसायिक वापर करणारे, विक्रेते व सल्लागार अशा तिघांनाही प्रारंभिक व पुढील प्रशिक्षणाची सोय असावी लागते आणि नोव्हेंबर २०१३ पासून प्रमाणपत्राची पद्धत तेथे सुरू झाली. दोन्हीकडे नूतनीकरण हा शिक्षणाचाच टप्पा मानला आहे.

अलीकडील प्रवाह : भारतात ड्रोनद्वारा फवारणीसाठी केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये कार्यपद्धती जाहीर केली. ‘नमो ड्रोन दीदी’ या योजनेत स्वयंसहाय्यता गटांतील महिलांना १५ दिवसांचे प्रशिक्षण मिळते. त्यांपैकी ५ दिवस ड्रोन चालविण्यासाठी व १० दिवस शेतीतील खते व औषधे यांच्या वापरासाठी असतात. प्रत्यक्ष फवारणाऱ्या व्यक्तीस शिक्षण देण्याच्या दिशेने हे एक पाऊल आहे. १९६८ च्या अधिनियमाच्या जागी नवा कायदा करण्यासाठी पीडकनाशी व्यवस्थापन विधेयक मार्च २०२० मध्ये राज्यसभेत मांडण्यात आले होते.

ग्राहकानेही काही गोष्टी पाहणे आवश्यक आहे. काम देण्यापूर्वी परवाना व त्याची मुदत तपासावी. वापरावयाच्या रसायनाचे नाव व डब्यावरील रंग विचारून घ्यावा. घर किती वेळ रिकामे ठेवावयाचे, अन्न व पाणी कसे झाकावयाचे आणि विषबाधेची शंका आल्यास काय करावयाचे, हे लेखी मागावे. विषबाधा झाल्यास रुग्णाबरोबर डबा वा त्यावरील चिठ्ठी दवाखान्यात न्यावी. कारण उतारा कोणता द्यावयाचा हे रसायनाच्या गटावरून ठरते. या प्रश्नांची उत्तरे ज्याला देता येत नाहीत, त्याच्या भिंतीवरील परवाना मुदतीत असला तरी त्याचे ज्ञान मुदतबाह्य झाले आहे, असे समजावे.